केटामिन शिकताना मी चुकले कुठे (एमडी फार्माकॉलॉजी, नागपूर)

फर्स्ट इयरला सेमिनारसाठी केटामिन (भूल देण्याचं औषध) आणि डिप्रेशन हा टॉपिक आला. मे महिना, हॉस्टेलच्या रूममध्ये कूलर घों घों करून राहिला होता, आणि मी रात्रभर बसून स्लाइड्स बनवल्या, सार काय तर एनएमडीए रिसेप्टर (मेंदूच्या पेशींवरचा, ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा) ब्लॉक होतो म्हणून मूड सुधारतो. मागच्या रांगेतून ॲनेस्थेशियाच्या मॅडमनी विचारलं, "अगं, हाफ लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) दोन-तीन तासांची, मग पेशंट आठवडाभर बरा कसा राहतो? आणि मेमँटिनपण (स्मृतिभ्रंशावरचं औषध) तोच रिसेप्टर ब्लॉक करतं, ते का नाही चालत?" मला एक शब्द सुचला नाही.

म्हणून नवीन पोरापोरींनो, सुरुवात या प्रश्नापासूनच करा. औषध शरीरातून निघून गेलं तरी परिणाम टिकतो, म्हणजे औषध काहीतरी सुरू करून देऊन जातं. जास्त मानली जाणारी थिअरी अशी आहे की कमी डोसमध्ये ते आधी गाबा इंटरन्यूरॉन्सना (इतर पेशींना आवरून धरणाऱ्या मेंदूपेशी) गप्प करतं, हा ब्रेक सुटला की प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा पुढचा भाग) ग्लुटामेट उसळतं, ते एएमपीए या त्याच्याच दुसऱ्या रिसेप्टरवर काम करतं, मग बीडीएनएफ (मेंदूपेशींची वाढ करणारं प्रोटीन) सुटतं, एमटॉर (प्रोटीन बनवायला लावणारं एन्झाइम) चालू होतं आणि सिनॅप्सची, म्हणजे पेशींमधल्या जोडांची, प्रोटीन्स बनायला लागतात. 2010 मध्ये उंदरांवर दाखवलं की 24 तासांत नवीन डेन्ड्रायटिक स्पाइन्स (मेंदूपेशींच्या फांद्यांवरचे, सिनॅप्स जुळतात ते उंचवटे) उगवतात, आणि एएमपीए आधीच ब्लॉक केला तर उंदरांमधला फायदा जातो. मला स्वतःला हा एएमपीएचा पुरावा सगळ्यात पटतो. पण वाद संपलेला नाही, 2018 च्या एका छोट्या ट्रायलमध्ये आधी नॅल्ट्रेक्सोन (ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या पदार्थांचे, रिसेप्टर ब्लॉक करणारं औषध) दिल्यावर डिप्रेशनवरचा परिणाम खूप कमी झाला, मग ओपिऑइडचा हात किती हा प्रश्न उभा राहिला.

मूळ ट्रायल्स स्वतः वाचा, नोट्समधून नको. 2000 सालची एकदम छोटी होती, अर्धा मिलिग्रॅम प्रति किलो, 40 मिनिटांत, शिरेतून. 2006 सालची 18 पेशंटची, इतर औषधांना दाद न देणारे, दोन तासांच्या आतच फरक दिसला, आणि एसएसआरआयला (डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या) आपण आठवडे थांबतो ना! पण प्लॅसिबो सलाईनचा, आणि केटामिन मिळालेल्याला तरंगल्यासारखं वाटतं, त्याला कळणारच, म्हणून पुढे मिडाझोलॅमशी (गुंगी आणणारं औषध) तुलना झाली. व्हायवात (तोंडी परीक्षेत) हे नक्की बोला.

एकदा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभे राहा. तिथे भूल देताना 1 ते 2 मिलिग्रॅम प्रति किलो एका मिनिटात जातं, ते बघितलं की हा अर्धा मिलिग्रॅम किती वेगळा आहे ते डोक्यात बसतं. आपल्याकडे केटामिन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांची सरकारी यादी) आहे, रजिस्टरपण बघून घ्या.

मागच्या महिन्यात नागपुरातल्याच महाल भागातल्या आत्याचा फोन आला, डिप्रेशन असलेल्या शेजारणीला केटामिनचं इंजेक्शन देता येईल का म्हणून. मी सांगितलं, आत्या, बीपी वाढतं, थोडा वेळ भान सुटल्यासारखं होतं, डॉक्टरसमोरच द्यावं लागतं, परिणाम ओसरतो, आणि नशेसाठी रोज घेणाऱ्यांचं मूत्राशय खराब होतं. पण त्या बाईला मरावंसं वाटत होतं, तेव्हा फोनवर फार्माकॉलॉजी सांगत बसण्यात अर्थ नव्हता, त्याच दिवशी मी तिला सायकियाट्रीत घेऊन गेले.