जुन्या जीपचं थरथरणारं स्टीअरिंग

इंदूरजवळच्या चोरल घाटाच्या रस्त्यावर खड्डा लागला की ताशी ४०-५० किमीच्या वेगात जुन्या जीपचं स्टीअरिंग हातात थरथरायचं. स्टीअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर) लावून हा आजार फक्त झाकला जातो, म्हणून आधी किंगपिन (पुढचं चाक ज्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्या खुंट्या) तपासल्या.

पुढचा एक्सल उचलून, चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ (ढिलेपणा) होता, आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावला तरी राहिला. म्हणजे व्हील बेअरिंग नाही, किंगपिनच. नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) उघडल्यावर ग्रीस दुधाळ चहासारखं निघालं. सील फाटलेलं, नाल्यातलं पाणी आत. खालच्या बेअरिंगच्या कपावर (रोलर ज्यावर फिरतात ती बाहेरची कडी) नख फिरवलं तर रोलरच्या रेघांत अडकत होतं. असा कप पुसून परत बसवू नये. चाक सरळ असताना रोलर त्याच खाचांत बसतात.

इंदूरच्या सियागंज बाजारातून लटकता स्प्रिंग काटा (ओढ मोजायला) आणला, बेअरिंगं कपासकट बदलली. नवा कप जुन्याच कपाने ठोकावा, तिरका जात नाही. बेअरिंगचा घट्टपणा ठरवणाऱ्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) ०.००३ ते ०.०३० इंचाच्या मिळतात. काढल्या की घट्टपणा वाढतो, पण वरून-खालून सारख्या काढाव्यात, नाहीतर नकल मध्यावरून सरकते. सील आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) न लावता नकलला काटा अडकवून ओढायचा: ओढ एकसारखी हवी, झटके नकोत. किती ओढ, ते आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघावं.

शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) साधारण २ मिमी ठेवलं, आणि स्प्रिंग एक्सलला बांधणारे यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळले.