आधी बोटांना शिकवा
सोंसोगड हे गोव्यातलं सगळ्यांत उंच टोक, हजार मीटरच्या थोडं वर. मी चढायला गेलो ते गढवाल हिमालयातलं सतोपंथ ७,०७५ मीटर, म्हणजे आमच्या सत्तरी तालुक्याच्या हिशेबात सोंसोगडावर सोंसोगड असे सहा-सात. तिथे जायचं तर दम, पाय, पाठीवरचं ओझं यांची तयारी तुम्ही करणारच, सरावाला चोर्ला घाट आहेच. मला अडवलं ते बोटांनी.

पहिल्या आणि दुसऱ्या कॅम्पच्या मध्ये सुरीसारखी धार आहे. तिथून उतरताना अँकरला, म्हणजे बर्फात पक्क्या केलेल्या आधाराला, सेफ्टीचा दोर लावून स्वतःला अडकवलं आणि फिगर ऑफ एटमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या कडीत, दोर ओवायला गेलो. जाड मिटनमध्ये, म्हणजे चार बोटं एकत्र राहणाऱ्या हातमोज्यात, काही जमेना, म्हणून मिटन काढला. दोन-तीन मिनिटांत बोटांची टोकं पांढरी. एट हातातून निसटला, बर्फावर दोनदा आपटला आणि गेला. मागून आलेल्या दाजूनं, म्हणजे आमच्या शेर्पानं, मंटर हिच ही दोराची गाठ मारून एटशिवायच मला उतरवलं. एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

नीट ऐका. एट सुटा हातात घ्यायचाच नाही. हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) कॅराबिनरमध्ये, म्हणजे लॉक होणाऱ्या कडीत, आधी त्याचं मोठं भोक अडकवा. दोराचा फासा त्याच भोकातून काढून लहान कडीवरून मागे टाका. मग कॅराबिनर काढून लहान भोकात घाला. तेवढ्या वेळात दोरानंच एट धरलेला असतो, पडणार कुठे? कॅराबिनर लॉक करा, एटवर वजन टाकून बघा, आणि मगच सेफ्टी काढा.

हे घरी, उघड्या हातांनी, पंख्याखाली सगळ्यांना येतं. मलाही यायचं! आता मी बाजारातून मासळीचा बर्फ आणतो, टबात हात बधिर करतो, मिटन चढवतो आणि डोळे मिटून एट लावतो. आई विचारते, बांगडे कुठे आहेत?

‘वर शेर्पा सगळं अडकवून देतात’ म्हणणारा गुरू मलाही भेटला होता. असल्यांना पैसे देऊ नका. उत्तरकाशीच्या निममध्ये (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) गिर्यारोहणाचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स करा. त्यात ‘ए’ ग्रेड नसेल तर पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

घाबरू मात्र नका. बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेली आपली माणसंही शिकतात, वेळ लागतो इतकंच. माझं शिखर राहिलं, दुसऱ्या कॅम्पच्या अलीकडूनच परतलो. आता टबात हात घातला की डाव्या हाताचं मधलं बोट बाकीच्यांच्या आधी बधिर होतं.