गृहभेटीत बाळाच्या दंडाचा घेर कसा मोजावा
वय ६ ते ५९ महिने, दंड डावा. बाळ आईच्या मांडीवरच असू द्या, बाही पूर्ण काढा. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करा, मग हात सैल सोडून पट्टी गुंडाळा. चूक इथेच होते: पट्टी आवळली की आकडा कमी येतो, ढिली राहिली की कुपोषित मूल नजरेतून सुटतं, आणि हे जास्त घातक. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा, ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मध्यम. सूज आहे का ते पाहायला दोन्ही पावलं अंगठ्याने ३ सेकंद दाबा. दोन्हींवर खड्डा राहिला तर घेर कितीही असो, पाठवाच. मोजताना बाळाशी बोलत राहा. ते आवाजाकडे वळतं का, दिलेली वस्तू धरतं का, तेही नोंदवा.