टाच दुखतेय? आधी ती कधी दुखते ते बघा

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेतून अशी कळ जाते की भिंत धरावी लागते, मग दहा-वीस पावलं चाललं की जरा मोकळं वाटतं, आणि दुपारी तासभर बसून उठलात की परत तेच. असं असेल तर बहुतेक वेळा तो प्लांटर फॅसायटिस असतो. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो तो टाचेपाशी दुखावतो. अंगठ्याने टाचेखाली, किंचित आतल्या बाजूला दाबून बघा, बरोबर तिथेच दुखेल. चाळिशीनंतर, वजन वाढल्यावर, आणि ओट्यापाशी फरशीवर अनवाणी तासन् तास उभं राहणाऱ्यांना हे जास्त होतं.

एक्सरेत "हाड वाढलंय" म्हटलं की लोक थेट ऑपरेशनपर्यंत पोचतात. अहो, ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी जणांचं पण ते हाड वाढलेलं असतं!

खरा उपाय म्हणजे स्ट्रेचिंग, आणि लोक नेमकं तेच टाळतात. पलंगावरून उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटं नडगीकडे ओढा, तळवा ताणला गेला पाहिजे, दहा आकडे मोजा, असं दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवरून उचलायची नाही, पोटरी ताणलेली जाणवेल, 30 सेकंद, तीनदा. दिवसातून दोन-तीन वेळा करा. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फ करून कापडात गुंडाळून तळव्याखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवा. घरातसुद्धा मऊ चप्पल घाला, कोल्हापुरी काही महिने माळ्यावर (वाईट वाटतं, पण काय करणार). बरं व्हायला महिने लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका.

गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकायचा उपाय आजी लोक सांगतातच. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शुगर असेल तर वीटही नको आणि बर्फही नको, पायाला संवेदना कमी असू शकते, मग भाजलेलं कळतच नाही.

महिना-दीड महिना नीट करूनही फरक नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर किती वेळा द्यावं लागेल ते विचारा, कारण वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, पट्टा फाटूही शकतो.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. पडल्यावर किंवा उडी मारल्यावर पाय टेकवतच नसेल, टाचेच्या मागे 'फट्' झालं आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, सूज लाली आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी जा. शुगरवाल्यांच्या पायाला साधी जखम दिसली तरी तसंच. मुंग्या, बधिरपणा किंवा झोपेतही ठणका असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि तरुण पोरांच्या दोन्ही टाचा दुखतायत, वर सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो, तिथे नुसतं चप्पल बदलून भागत नाही.