मात्सुए : दुपारी उतरून संध्याकाळी सोडू नये असे शहर

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम भागात, जपानी समुद्राच्या बाजूला असलेल्या शिमाने प्रांताचे मुख्य ठिकाण म्हणजे मात्सुए. इझुमोच्या प्रसिद्ध देवस्थानाला निघालेले अनेक प्रवासी वाटेत येथे दुपारचे दोन-तीन तास काढतात, किल्ला पाहतात आणि पुढची गाडी पकडतात. या शहराचे सर्वांत चांगले तास मात्र दिवसाच्या दोन टोकांना असतात, म्हणून येथे किमान एक रात्र मुक्काम करावा आणि दिवसाची आखणी ठिकाणांच्या यादीवरून न करता वेळेवरून करावी.

ओकायामाहून ‘याकुमो’ ही एक्स्प्रेस डोंगर ओलांडून सुमारे अडीच तासांत मात्सुएला पोहोचते. तिच्यातील सर्व आसने आरक्षित असल्यामुळे तिकीट आधीच काढून ठेवावे. शहर लहान आहे; किल्ल्याभोवतीचा सगळा जुना भाग पायी होतो आणि लांबच्या ठिकाणांसाठी ‘लेकलाइन’ ही फेरी मारणारी बस पुरते.

पहिली सकाळ किल्ल्याला द्यावी. होरिओ योशिहारू याने १६०७ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १६११ मध्ये पूर्ण झाला. ज्यांचा मूळ लाकडी बुरूज अजून उभा आहे असे किल्ले जपानमध्ये बाराच उरले असून हा त्यांपैकी एक आहे. सह्याद्रीतील दगडी गड चढलेल्या वाचकाला येथे दगड पायथ्याशीच संपल्याचे आणि वर सगळे लाकूडच लाकूड असल्याचे पाहून नवल वाटेल. बूट दारातच काढावे लागतात आणि झिजून गुळगुळीत झालेल्या उभ्या जिन्यांवर पायमोजे घसरतात, म्हणून कठडा धरूनच चढावे. आतल्या खांबांकडे मात्र निवांतपणे पाहावे. काही खांबांना चारी बाजूंनी फळ्या लावून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या दिसतात, तर अनेक खांब दोन मजल्यांतून सलग गेलेले आहेत. तळघरात एक विहीरही आहे. तेथल्याच खांबांवरील खिळ्यांच्या भोकांशी १६११ चा उल्लेख असलेल्या प्रार्थनापट्ट्यांवरील भोके तंतोतंत जुळली, बांधकामाचे वर्ष पक्के झाले आणि २०१५ मध्ये बुरुजाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. त्याआधी, १८७५ मध्ये, हाच बुरूज १८० येनला मोडीत निघाला होता; एका सधन शेतकऱ्याने आणि एका माजी सामुराईने तेवढी रक्कम भरली म्हणून तो वाचला.

किल्ल्याच्या खंदकातून चालणाऱ्या होड्यांचे तिकीट दिवसभर चालते, त्यामुळे होडीचा उपयोग एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जाण्यासाठीही करावा. पूर्ण फेरीला सुमारे पन्नास मिनिटे लागतात. काही पूल इतके बुटके आहेत की नावाडी होडीचे छतच खाली आणतो आणि सर्वांना गुडघ्यांवर डोके टेकावे लागते. पाठदुखी असलेल्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे. हिवाळ्यात होडीत पाय शेकायला कोतात्सु, म्हणजे खाली ऊब ठेवलेले पांघरुणाचे मेज, मांडलेले असते.

खंदकाच्या उत्तरेला शिओमी नावाते ही पाइन वृक्षांच्या सावलीतली गल्ली आहे. तेथे एक सामुराई निवासस्थान आहे आणि लाफ्काडिओ हर्न याचे घरही आहे. १८९० मध्ये इंग्रजी शिकवायला आलेला हा लेखक जेमतेम पंधरा महिने मात्सुएत राहिला, येथल्याच कोइझुमी सेत्सुशी त्याने संसार मांडला आणि पुढे कोइझुमी याकुमो हे नाव घेतले. घर छोटेसे आहे. फार हिंडू नये, एका खोलीत बसून तीन बाजूंनी दिसणारी बाग पाहावी.

दुपार चहासाठी ठेवावी. सातवा मात्सुदाइरा सरदार, फुमाई या नावाने ओळखला जाणारा, चहाविधीचा मोठा जाणकार होता आणि त्याच्यामुळे चहा व मिठाई आजही या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. त्याच्या आवडीचे मेइमेइआन हे १७७९ चे गवताने शाकारलेले चहागृह एका टेकाडावर असून शेजारच्या खोलीत बसून चहा घेता येतो. मिठाई आधी संपवावी, मग वाडगा दोन्ही हातांनी उचलावा. तोंडात उरलेल्या गोडीवर हिरव्या चहाचा कडवटपणा छान बसतो. ‘वाकाकुसा’ ही हिरव्या साखरेत घोळवलेली तांदळाच्या पिठाची मऊ मिठाई शाकाहारी लोकांनाही चालेल. इझुमो सोबा मात्र विचारून घ्यावा, कारण नूडल्सवर ओतायच्या रसात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. ज्यांना चालतो त्यांनी एकावर एक ठेवलेल्या तीन थाळ्यांपैकी वरच्या थाळीत रस ओतून ती संपवावी आणि उरलेला रस खालच्या थाळीत ओतावा.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी शिंजी सरोवराच्या काठावर, शिमाने कला संग्रहालयाच्या बाजूला पोहोचावे. समोर योमेगाशिमा नावाचे चिमुकले बेट आणि त्यावरची पाइनची झाडे काळी होत जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे याच सरोवरात शिजिमी या बारीक शिंपल्या काढणाऱ्या होड्या लांब दांड्याच्या दाताळ्यांनी तळ खरवडताना दिसतात. या शिंपल्यांचे मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप, न्याहारीला मिळेल, आणि इझुमोची गाडी त्यानंतर पकडली तरी चालते.