फक्त "किती जीबीचं हाये?" विचारून ग्राफिक्स कार्ड घेऊ नका, या चुका टाळा

आमच्या शेजारच्या पोराले बापानं कापसाच्या चुकाऱ्यातून पैसे दिले, तो नागपूरले गेला अन् बर्डीवरच्या एका दुकानातून जीटी ७३० नावाचं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला, डब्यावर ४ जीबी लिहिलं होतं म्हणून. जीटीए ५ लावला तर १०८०पी वर नुसता अटकून अटकून चालला. मले म्हणे, "दादा, ४ जीबीचं हाये नं, मंग काहून अटकते?" लय वाईट वाटलं राजेहो, कारण ते पैसे कसे येतात ते आपल्याला माहीत आहे.

तर पहिली चूक हीच. जीबी म्हणजे गोदाम किती मोठं तेवढंच, माल किती वेगानं आत-बाहेर होतो ते चिप अन् मेमरीच्या प्रकारावर असतं. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड, त्यात बहुतेक डीडीआर३ मेमरी येते, त्याच्यापेक्षा २ जीबीवालं जुनं जीटीएक्स ७५० टीआय कितीतरी पुढं पळतं. जीटी १०३० मध्ये तर एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जातात, जीडीडीआर५ वालं सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतं अन् डीडीआर४ वालं जेमतेम १७, म्हणून डब्यावरची बारीक अक्षरं वाचाच. आरटीएक्स ३०५० चं पण तसंच, ८ जीबी अन् ६ जीबी यात फक्त मेमरीचा फरक नाही, ६ जीबीवाल्यात कोअर (म्हणजे चिपमधले काम करणारे हात) २५६० चे २३०४ झालेत आणि बस, म्हणजे मेमरीचा रस्ता, १२८ बिटची ९६ बिट. सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० दिसलं की २०४८एसपी (म्हणजे २०४८ कोअर) लिहिलंय का बघा, खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात.

सेकंडहँड घेताना पैसे देण्याआधी जीपीयू-झेड चालवून बघा, कार्डाची माहिती दाखवणारं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हमध्ये मावतं. जुन्या कार्डाचं बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवीन नावानं विकणारे लोक आहेत, त्यातली बरीच कार्डं यात पकडली जातात. मग तिथंच वीस मिनिटं गेम चालवून दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर निघा तिथून.

आता आपल्याकडची खरी भानगड, लाईट. रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), ज्याच्यावर ५०० वॉट छापलेलं असतं, तो तेवढा देतच नाही, मग गेम सुरू होताच पीसी बंद पडतो किंवा स्क्रीन काळी होते आणि लोक म्हणतात कार्ड खराब निघालं. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात अन् ८ पिनची वायर लागते, त्यासाठी चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवणारा असा शिक्का) एसएमपीएस घ्या, माझं मत विचाराल तर कार्ड एक पायरी खालचं चालेल पण एसएमपीएस नाही. तो बदलायची ऐपत नसेल तर ३०५० चं ६ जीबीवालंच बरं, ७० वॉटमध्ये चालतं, वेगळी वायर लागत नाही. इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याचं बटन यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाईट गेली की पीसी रीस्टार्ट. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी घराची अर्थिंग बघून घ्या.

जुन्या मदरबोर्डवर आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका. ते फक्त ४ लेनवर (बोर्ड अन् कार्डामधल्या डेटाच्या वाटा) चालतं आणि पीसीआयई ३.० वर, म्हणजे जुन्या पिढीच्या स्लॉटवर, त्याचा वेग चांगलाच पडतो, त्यात गेम रेकॉर्ड करायचा एन्कोडर पण नाही. इंटेलचं आर्क कार्ड घ्यायचं असेल तर बोर्डमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे का ते आधी बघा. ऑफिसातून निघालेला बारका पीसी असेल तर कॅबिनेट टेपनं मोजा, पूर्ण उंचीचं कार्ड त्यात बसतच नाही.

नवीन कार्ड लावूनही गेम तसाच रडतोय? एचडीएमआयची वायर बोर्डात लावलीय का कार्डात ते बघा, हसू नका, मी तिघांच्या घरी जाऊन हीच वायर बदललीय. मग जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डीडीयू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं साफ करून नवीन टाका. रॅमची एकच काडी असेल तर दुसरी लावा.

आणि उन्हाळा. दिवाळीत ७० डिग्रीवर चालणारं कार्ड मे महिन्यात ८५ ला जातं, कारण खोली जेवढी तापते जवळपास तेवढंच कार्ड वर चढतं, मग ते स्वतःच वेग कमी करतं. म्हणून बरेच जण पीसी कूलरसमोर ठेवतात, तसं अजिबात करू नका, कूलरची ओली हवा अन् खाऱ्या पाण्याचे थेंब सरळ बोर्डावर बसतात. कूलर खिडकीत, पीसी दुसऱ्या भिंतीला. भाव वाढायची वाट बघत घरात कापूस भरून ठेवलेला असेल तर महिन्यातून एकदा कॅबिनेट उघडाच, माझ्या कार्डाच्या पंख्यामागून मूठभर कापूस निघाला होता, तो काढल्यावर तापमान १२ डिग्रीनं उतरलं. ब्लोअर मारताना मात्र पंखा बोटानं धरून ठेवा, हवेच्या जोरानं गरगर फिरला तर त्याची बेअरिंग जाते.