पेशंटमधला जंतू आणि कोंबडीतला जंतू एकच का, हे बघायचं असेल तर

मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला कॅम्पिलोबॅक्टर (कोंबडीच्या आतड्यात राहणारा, माणसाला जुलाब करणारा जंतू) घेताय ना, मग सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायचं, नंतर बघू, आधी एक वही घ्या. कोंबडी कुठल्या दुकानातली, कुठल्या फार्मवरून आली, कधी कापली, पेशंटला जुलाब कधी सुरू झाले, त्याआधी अँटिबायोटिक घेतलं का, सगळं त्याच दिवशी लिहायचं. मी सोलापुरात दोन दुकानांतून सॅम्पलं घेतली, दोन्हीकडे जंतू सेम निघाला म्हणून लई खूश झालो, आणि मग कळलं की दोघांचा माल एकाच फार्मचा! सहा महिन्यांची मेहनत होती हो ती.

पेशंटचं सॅम्पल घ्यायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती पाहिजेच, नाव लिहायचं नाही, फक्त कोड.

चिकनवाल्याला सीकम म्हटलं तर कळणार नाही, आतड्याच्या शेवटाकडं दोन लांब पिशव्या असतात त्या हाताने दाखवून मागा, ग्लोव्हज घालूनच. आता मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 च्या आसपास असतो आणि हा जंतू लॅबमध्येही 42 डिग्रीलाच वाढवतात, कोंबडीचं अंगही जवळपास तेवढंच गरम असतं, म्हणून वाटतं की उन्हात नेलं तर काय बिघडतंय, पण तसं नाही, बाहेरचा ऑक्सिजन आणि कोरडेपणा त्याला मारतो. म्हणून स्वॅब कॅरी-ब्लेअरमध्ये (जंतू लॅबपर्यंत जिवंत ठेवणारं माध्यम) टाका, आइसबॉक्समध्ये ठेवा आणि त्याच दिवशी लॅब गाठा.

लॅबमध्ये एमसीसीडीए प्लेट (कॅम्पिलोबॅक्टर वेगळा काढायचं खास माध्यम), 48 तास, ऑक्सिजन साधारण 5 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 10 टक्के. मेणबत्तीच्या जारवर भरवसा ठेवू नका, मेणबत्ती विझली तरी आत ऑक्सिजन भरपूर उरतो, गॅसपॅकच (बंद जारमध्ये हवं तेवढंच गॅसचं प्रमाण करणारी पुडी) वापरा. ग्राम स्टेनमध्ये उडत्या पक्ष्यासारखे वाकडे जंतू दिसतील. जेजुनी आणि कोलाय या कॅम्पिलोबॅक्टरच्याच दोन जाती (हा ई. कोलाय नव्हे). हिप्युरेट टेस्ट पॉझिटिव्ह आली तर जेजुनी, निगेटिव्ह आली तर लगेच कोलाय म्हणू नका, जेजुनीचे काही स्ट्रेन (उपप्रकार) पण निगेटिव्ह येतात, पीसीआर करा, म्हणजे जीनवरून जात ओळखा.

एका कोंबडीत एकापेक्षा जास्त स्ट्रेन असू शकतात म्हणून प्लेटवरून चार-पाच कॉलन्या उचला, पण मोजताना कोंबडी एकच धरा, इथंच बऱ्याच जणांची चूक होते.

मग एमएलएसटी, म्हणजे जीन्सवरून स्ट्रेनचा प्रकार ठरवायची पद्धत. सात जीन्सचे तुकडे वाचायचे, प्रत्येकाला नंबर मिळतो, सात नंबर मिळून एसटी (सिक्वेन्स टाइप) ठरतो, तो पबएमएलएसटी या ऑनलाइन डेटाबेसवर बघता येतो. पेशंट आणि कोंबडी दोघांत एसटी-21 निघाला म्हणजे त्याच कोंबडीमुळं आजार झाला असं अजिबात लिहू नका, तो ग्रुप गुराढोरांतही सापडतो आणि जगभर पसरलाय. साधारण 16 लाख अक्षरांच्या जीनोममधली जेमतेम 3,300 अक्षरं तुम्ही वाचलेली असतात. खरंच जवळचं नातं आहे का हे होल जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचल्यावरच नीट कळतं, आणि तेव्हा पहिल्या दिवसाची ती वही लागतेच.

आणि प्रत्येक स्ट्रेनच्या ग्लिसरॉलमधल्या दोन व्हायल उणे 80 ला ठेवा, दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.